सर्जच्या रात्री बांधलेली बोट: ब्रॉड्सवर या चुका टाळा

उत्तर समुद्राचं पाणी हिवाळ्यात फुगतं तेव्हा नॉरफोक ब्रॉड्समधल्या (पूर्व इंग्लंडमधलं नद्यांचं आणि उथळ तळ्यांचं जाळं) बोटींना लाटा फारशा मारत नाहीत. बोटी जातात आखूड दोरांमुळे, धक्क्याच्या कडेमुळे, डोक्यावरच्या छपरामुळे. आणि बऱ्याचदा घात होतो तो पाणी उतरायला लागल्यावर, जेव्हा मालक "वाचलो" म्हणून घरी गेलेला असतो. खालच्या जवळजवळ सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे: बोट रोजच्या भरतीच्या हिशोबाने बांधलेली असते.

"आज मोठी भरती नाही" म्हणून निर्धास्त राहणं

मराठीत आपण अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीलाही उधाण म्हणतो आणि वादळाने चढलेल्या पाण्यालाही उधाणच. इथे ही दोन वेगळी ठेवा. पहिलं चंद्र-सूर्याचं; ते वर्षभर आधी छापलेल्या तक्त्यात मिळतं. दुसरं हवेचं, म्हणजे सर्ज; ते कुठल्याच तक्त्यात नसतं, तक्त्यातल्या आकड्यावर ते वरून चढतं.

हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर वर येतो. सरासरी दाब १०१३ धरला आणि वादळाच्या पोटात तो ९७० असला, तर नुसत्या दाबानेच ४० सेंटिमीटरच्या वर फुगवटा झाला. त्यावर वायव्येचा किंवा उत्तरेचा वारा पाणी दक्षिणेकडे रेटतो. उत्तर समुद्र दक्षिणेला अरुंद आणि उथळ होत जातो, त्यामुळे रेटलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून जागा नसते. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री हेच झालं आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसं गेली, नेदरलँड्समध्ये १,८३६. ५ डिसेंबर २०१३ ला पाणी पुन्हा तसंच चढलं. पूर्वसूचना आणि बांधबंदिस्ती असल्यामुळे माणसं वाचली.

भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांतही मोठा सर्ज ब्रॉड्समधल्या सखल धक्क्यांवरून पाणी नेऊ शकतो. म्हणून तक्त्यासोबत वाऱ्याची दिशा आणि दाब बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

दोन वेगळ्या शून्यांतले आकडे एकमेकांशी जुळवणं

ही चूक अनुभवी माणसंही करतात. भरतीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमपासून, म्हणजे त्या ठिकाणच्या जवळजवळ सर्वात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. सरकारी संकेतस्थळावर किनाऱ्याच्या मापकांची जी पातळी दिसते ती ऑर्डनन्स डेटमपासून, म्हणजे जमिनीच्या नकाशांच्या शून्यापासून (साधारण सरासरी समुद्रपातळी). याच किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्टला या दोन शून्यांत १.५० मीटरचं अंतर आहे, उत्तरेकडच्या इमिंगहॅमला ३.९० मीटरचं.

समजा, लोस्टॉफ्टचा तक्ता सांगतो भरती २.५ मीटर, आणि पडद्यावर मापक दाखवतोय १.९. पाहणाऱ्याला वाटतं पाणी तक्त्यापेक्षा कमीच आहे. प्रत्यक्षात १.९ मध्ये १.५ मिळवले की ३.४ होतात, म्हणजे तक्त्याच्या ९० सेंटिमीटर वर. आकडा वाचण्याआधी तो कुठल्या शून्यापासूनचा आहे ते मापकाच्या पानावर बघा. आतल्या नद्यांवरच्या मापकांच्या बाबतीतही हीच काळजी घ्या.

एक सवय फार उपयोगी पडते. सर्ज किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत येतो. भरतीची लाट स्कॉटलंडच्या टोकापासून थेम्सच्या मुखापर्यंत यायला साधारण १२ तास घेते. नॉर्थ शील्ड्स, व्हिटबी, इमिंगहॅम या क्रमाने मापक बघत जा आणि प्रत्येक ठिकाणी "प्रत्यक्ष वजा तक्ता" हा फरक कागदावर टिपा. फरक दक्षिणेकडे वाढत येतोय की विरतोय हे तुम्हाला ब्रॉड्सच्या मुखाशी, ग्रेट यारमथला पाणी पोहोचण्याच्या काही तास आधीच कळतं.

"आमच्याकडे पाणी वीतभरच हलतं"

ग्रेट यारमथला मोठी भरती-ओहोटी सुमारे २ मीटरची. वरच्या ब्रॉड्समध्ये ती काही सेंटिमीटरवर येते. त्यामुळे वर बोट ठेवणाऱ्यांना समुद्र लांबचा वाटतो. पण ब्युअर, येअर आणि वेव्हनी या तिन्ही नद्या शेवटी यारमथला एकत्र होऊन गोर्लस्टनच्या एकाच मुखातून समुद्राला मिळतात. समुद्र फुगलेला असला की हे दार बंद होतं. खारं पाणी वर घुसतं आणि पावसाचं गोडं पाणी मागे तुंबतं. अशा वेळी ओहोटी नीट लागतच नाही. पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, आणि ती रिकाम्या नदीत न येता आधीच भरलेल्या नदीवर चढते. वरच्या भागात सर्वात जास्त पाणी दुसऱ्या-तिसऱ्या भरतीला दिसलं तर नवल नाही.

त्यामुळे पहिली भरती गेली की दोर पुन्हा आखडून घेण्याची घाई करू नका. ब्रेडन वॉटर ओलांडून बोट दुसरीकडे न्यायचा बेतही त्या दिवशी नको. ते पाणी उघडं, रुंद आणि उथळ आहे. वारा भरतीच्या विरुद्ध असला की तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात. पुलांखालची मोकळी उंची तर तासागणिक घटत असते.

दोर: सगळ्यात जास्त बोटी इथे जातात

धक्क्यावरची कडी आणि बोटीवरचा क्लीट (दोर गुंडाळायचा खुंट) एकाच उंचीला आहेत आणि दोर आडवा, ताठ बांधलाय असं धरा. दोर १.५ मीटरचा आखूड आहे आणि पाणी १.५ मीटर चढलं, तर बोटीला २.१२ मीटर दोर लागेल, म्हणजे ६२ सेंटिमीटर जास्त. तेवढा तो ताणणार नाही. मग एक तर क्लीट उपटून येईल किंवा बोटीचा तो कोपरा खाली दाबला जाऊन पाणी आत येईल. आता दोर ६ मीटरचा धरा. त्याच १.५ मीटर चढाला लागतात ६.१८ मीटर, फक्त १८ सेंटिमीटर जास्त, आणि तेवढं नायलॉनच्या ताणात आणि थोड्या ढिलाईत निघून जातं.

म्हणून पुढचा दोर बोटीच्या बराच पुढे, मागचा बराच मागे न्या आणि दोन स्प्रिंग दोर (बोटीला पुढे-मागे सरकू न देणारे) तिरके, शक्य तितके लांब बांधा. बोटीच्या मधोमध सरळ आडवे घेतलेले आखूड दोर काढून टाका. दोर नायलॉनचा असावा. निळा पॉलिप्रॉपिलीन ताणाला आणि उन्हाला टिकत नाही.

गाठ ताणाखाली सुटेल अशीच हवी. खुंट्याला पूर्ण वेढा आणि त्यावर दोन अर्ध्या गाठी मारल्या तर ताणलेला दोरही हळूहळू सोडता येतो. बोलाइन (न आवळणाऱ्या फासाची गाठ) ताणाखाली सुटत नाही. ती खुंट्यावर असेल आणि खुंटा पाण्याखाली गेला असेल तर चाकूच उरतो. यावर उपाय म्हणजे दोराचं सुटं टोक बोटीवर ठेवणं. खुंट्याला स्थिर टोक, बोटीच्या क्लीटवर सोडायचं टोक.

मऊ काठावर रॉन्ड अँकर (काठाच्या मातीत रोवायचा नांगर) ठोकून बांधलेल्या बोटींचा वेगळा विचार करा. तो जमिनीच्या घट्टपणावर धरून असतो. काठावर पाणी आलं की माती लोण्यासारखी होते आणि अँकर दोरासकट निघून येतो. आदल्या दिवशीच बोट पक्क्या खुंट्यांवर हलवा. खुंटा जुना लाकडी असेल तर पायाने रेटून बघा. पाण्याच्या रेषेपाशी कुजलेला खुंटा वरून चांगलाच दिसतो.

दोर ढिले सोडून मोकळं होणं

वरचं वाचून कुणी सगळेच दोर सैल सोडेल, तर तो दुसऱ्या खड्ड्यात पडेल. पाणी धक्क्याच्या वर गेलं की बोटीला अडवायला काठ उरत नाही. वारा तिला अलगद धक्क्यावर नेऊन ठेवतो. पाणी उतरताना तिचा अर्धा तळ फळ्यांवर आणि अर्धा हवेत राहतो. ती नदीकडे कलंडते, खालच्या बाजूची सिंकची किंवा एक्झॉस्टची तोंडं पाण्याखाली जातात आणि धडधाकट बोट काही मिनिटांत भरते. खुंटाच तळाखाली आला तर तो आरपारही जातो.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय खांबांचा आहे. ब्रॉड्सवर नाव रेटायला वापरतात ते क्वांट, किंवा तेवढ्याच जाडीचे दोन खांब, बोट आणि धक्का यांच्या मधे उभे रोवा. एक पुढच्या तिसऱ्या भागात, एक मागच्या. वरची टोकं धक्क्याच्या पातळीपासून दीड-दोन मीटर वर राहू द्या आणि खांब धक्क्याच्या खुंट्यांना आवळून बांधा. बोट त्यांना घासत वर जाते, घासतच खाली येते. बाजू खरवडते, पण बोट धक्क्यावर चढत नाही. नुसत्या फेंडरवर (बोटीच्या बाजूला लटकवलेल्या गाद्यांवर) विसंबू नका. धक्का पाण्याखाली गेला की ते तरंगत वर येतात आणि त्यांना टेकायला काही उरत नाही.

पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला बांधलेली बोट बरीच सुरक्षित, एक गोष्ट बघितली असेल तर: पाँटून ज्या खांबांवर सरकतो त्यांची डोकी रोजच्या भरतीच्या किती वर आहेत? दीड मीटरच असतील तर मोठ्या सर्जमध्ये अख्खा पाँटून खांबांवरून निसटून बोटींसकट वाहू लागेल.

छपराखाली बोट ठेवणं

ब्रॉड्सच्या काठांवर बोटघरं भरपूर आहेत आणि हिवाळ्यात बोट आत ठेवणं शहाणपणाचं वाटतं. आत्ताच जाऊन केबिनच्या सर्वात उंच भागापासून तुळईपर्यंतचं अंतर मोजा. ते ९० सेंटिमीटर असेल तर पाणी तेवढं चढल्यावर बोट तुळईला अडकेल. वर सरकायला जागा नाही, खालून पाणी चढतंच आहे, आणि शेवटी ते कडेवरून आत येईल. धक्क्याच्या पुढे आलेल्या फळीखाली किंवा पादचारी पुलाच्या कडेखाली बोटीचा काठ अडकला तरी हेच होतं. अंतर कमी असेल तर बोट वेळेत बाहेर काढा.

इथे आणखी एक अडचण उभी राहते. हिवाळ्यासाठी इंजिनातलं पाणी काढलेलं असतं, सीकॉक (बोटीच्या तळाच्या तोंडांवरच्या झडपा) बंद असतात, बॅटरी घरी असते. आयत्या वेळी इंजिन चालू होईल हे गृहीत धरू नका. सीकॉक बंद ठेवून इंजिन चालवलं तर थंड करणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर थोड्याच वेळात जळतो. बोट दोरांनी आणि खांबाने ओढत हलवणं बऱ्याचदा जास्त भरवशाचं असतं.

"पंप आहे ना"

२५ मिलिमीटरचा एक पाइप तुटला आणि तोंड पाण्याच्या ३० सेंटिमीटर खाली असलं, तर मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी आत येतं. तासाला साधारण २,५०० लिटर. तासाला २,००० लिटरची पाटी असलेला बिल्ज पंप (बोटीच्या तळात साठलेलं पाणी बाहेर फेकणारा) पाणी वर चढवताना त्या पाटीइतकंही फेकत नाही. पंप हा पावसाच्या आणि थेंब-थेंब गळतीच्या कामाचा. आधी सगळे सीकॉक बंद करा, मग पंपाचा आपोआप चालणारा स्विच बादलीभर पाणी ओतून तपासा. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून निम्मंच वापरायचं धरलं, तर ३ अँपिअरचा पंप सलग सोळा-सतरा तास चालेल. दोन भरत्यांना पुरेल, तिसरीला नाही.

काठावरची विजेची केबल दोन्ही टोकांनी काढून बोटीत घ्या, आणि हे पाणी चढण्याआधी करा. वीजखांब पाण्यात असताना त्याला हात लावायचा नाही. गॅसची टाकी बंद करा, कापडी छत उतरवून ठेवा.

रात्री दहाला दोर सोडायला जाणं

या किनाऱ्यावर मोठी भरती घड्याळात जवळजवळ ठरलेल्या वेळी येते: यारमथ-लोस्टॉफ्टला सकाळी आणि रात्री साधारण ९ ते ११ च्या दरम्यान. मोठ्या भरतीवर चढलेला सर्ज म्हणून रात्रीच गाठतो, किंवा हिवाळ्यातल्या सकाळी. डिसेंबरमध्ये तिथे पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. म्हणजे कामाची वेळ दुपारी साडेतीनला संपते. शिवाय उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात सर्जचा जोर भरतीच्या शिखराच्या काही तास आधी येण्याकडे कल असतो. म्हणून "भरती दहाला, मी आठला जातो" हा हिशोब धोक्याचा आहे.

पाण्याखाली गेलेल्या धक्क्याची कड अंधारात दिसत नाही. पाय चुकला की माणूस चार-सहा अंशांच्या पाण्यात पडतो, पहिल्या धापेलाच पाणी नाकातोंडात जातं आणि काही मिनिटांत बोटं दोर धरेनाशी होतात. आणि बोट तर विम्याने परत येते. दिवसा गेलात तरी लाइफजॅकेट घाला, एकटे जाऊ नका, आणि धक्क्याच्या कडेला उंच काठ्या रोवून खूण करा. बोटीवर झोपायचा विचार सोडून द्या. एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या (पुराचे इशारे देणारी इंग्लंडची सरकारी संस्था) इशाऱ्यांच्या तीन पायऱ्या आहेत: फ्लड अलर्ट, फ्लड वॉर्निंग आणि सिव्हिअर फ्लड वॉर्निंग. तयारी पहिल्या पायरीला सुरू करायची. तिसरीचा अर्थ जिवाला धोका. पुराची माहिती देणाऱ्या फ्लडलाइनचा क्रमांक ०३४५ ९८८ ११८८. कुणी पाण्यात दिसलं तर ९९९ वर कोस्टगार्ड मागा.

पाणी उतरल्यावर

बोट धक्क्यावर चढलेली सापडली आणि खाली अजून तरंगण्याइतकं पाणी असेल, तर ढकलायला वेळ थोडाच आहे. ७० सेंटिमीटर बुडणारी बोट ६५ ला जागची हलत नाही. वेळ गेली असेल तर ओढू नका. ओढल्याने तळ फाटतो, सुकाण आणि पंखा वाकतो. दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू देऊन बोट सरळ ठेवा, उताराच्या बाजूला कुणालाही उभं राहू देऊ नका, सगळीकडून फोटो काढा आणि क्रेनची वाट बघा.

गॅस सुरू करण्याआधी बिल्जमध्ये वास घ्या; गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशीच साठतो. पुराच्या काळात इंजिन चाललं असेल तर थंड करणाऱ्या नळीतून गोडं पाणी खेळवा, कारण गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या भागांना मीठ लवकर खातं.

आणि इंजिन लावण्याआधी बोटीच्या आसपासचं पाणी बघा. खारं पाणी वर आलं की रोच, ब्रीमसारखे मासे आतल्या डाइकमध्ये (अरुंद चरांमध्ये) आणि बोटयार्डांत दाटीवाटीने येऊन थांबतात, हिवाळ्यात तर आधीच तिथे असतात. ते पृष्ठभागावर तोंड उघडताना किंवा मेलेले दिसले, तर पंखा फिरवू नका आणि एन्व्हायर्नमेंट एजन्सीला ठिकाण कळवा.