उचल कोणाची? गेम स्टुडिओत शिरण्याआधी

चोपडा, शिरपूर, अमळनेर इथून पोरांचे फोन येतात. बीसीए झालंय किंवा डिप्लोमा चालू आहे आणि पुण्यात गेम कंपनीत जायचंय. प्रश्न ठरलेले: गेम बनवायला युनिटी शिकू की अनरिअल? थ्रीडी चित्रांचं ब्लेंडर येतं, तेवढ्यावर भागेल का? सुरुवातीला हातात किती पडतात? स्टुडिओला उचल कोणी दिलीय, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मीही स्टुडिओत लागताना विचारलं नव्हतं.

उचल म्हणजे काय हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. चाळीसगाव-पारोळ्याकडचा माणूस उसतोडीला निघतो तेव्हा मुकादमाचे पैसे आधीच घेतलेले असतात आणि ते फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. गेमच्या धंद्यात त्या मुकादमाला पब्लिशर म्हणतात. स्टुडिओकडे कल्पना असते, माणसं असतात, पण दोन-तीन वर्षं पगार द्यायला पैसा नसतो. तो पब्लिशर देतो, पण एकरकमी नाही. काम टप्प्यांत वाटलेलं असतं, त्याला माइलस्टोन म्हणतात. ठरल्या तारखेला गेम ठरल्या अवस्थेत पाठवायचा, तिकडून मंजुरी आली की पुढचा हप्ता.

पुढची मेख फार जणांना ठाऊक नसते. बहुतेक करारांत ही उचल आधी वळती होते, आणि तीही पुष्कळदा स्टुडिओच्या वाट्यातूनच. समजा ४ कोटींची उचल आहे आणि कमाईत स्टुडिओचा वाटा ३० टक्के. मग गेमने साधारण १३ कोटी ३३ लाख कमावल्यावर कुठे उचल फिटली. स्टुडिओच्या हातात पहिला रुपया पडतो तो त्याच्या पुढे. मधल्या काळात बाहेरचं जग म्हणत असतं, ‘अरे, गेम तर जोरात चाललाय!’

वडिलांना नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, ‘तुले गेम खेयाना पगार भेटस का?’ मी लेव्हल डिझायनर होतो. म्हणजे गेममधले रस्ते, चढ, उतार, अडथळे मांडायचे. आमचा गेम बाइकचा होता, डोंगरातल्या रस्त्यांवरचा. आम्ही पंचवीस-सव्वीस जण. माझ्या वरच्या लीडना सगळे सर म्हणत, ते मला नावाऐवजी ‘चोपडा’ म्हणत.

२०२१ च्या पावसाळ्यात माइलस्टोन परत आला. केळी कापणीच्या दिवशी व्यापारी चांगला घड बाजूला काढून ‘वापसी’ म्हणतो, तेव्हा बापाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलेलं आहे. सरांचा तसाच झाला. आमचा गेम एकदा विकत घ्या आणि खेळा, अशा हिशेबाने बनला होता. पब्लिशरला आता तो फुकट वाटायचा होता. जाहिराती, गाड्यांचे रंग विकणं, रोज हजेरी लावली की नाणी. त्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती. आपल्याकडे मोबाइलवर गेमसाठी आधी पैसे मोजणारे किती, हे आपण जाणतोच. पण त्यासाठी निम्मा गेम मोडावा लागणार होता, आणि मोडायच्या कामाचे वेगळे पैसे द्यायला ते तयार नव्हते. पुढचा माइलस्टोनही परत आला. पगार पाच तारखेऐवजी अठराला झाला.

बंद दाराआडच्या मीटिंगा वाढल्या. जे सर चहाला आम्हाला ओढून न्यायचे, ते फोन कानाला लावून पार्किंगमध्ये फिरू लागले. आम्ही पोरं इतकी बाळबोध की आमचंच काहीतरी चुकलं असेल असं समजून रात्री जागून बग मिटवत बसलो. मग दिवाळीच्या आधी, एका मंगळवारी, चार खुर्च्या एकदम रिकाम्या. मुख्य प्रोग्रामर असलेले आमचे सर, मुख्य डिझायनर, आर्टवाली ताई आणि सर्व्हर सांभाळणारा एक जण.

माणसं गेली की काम अडतं, असं लोक म्हणतात. काम अडत नाही. काम चालू राहतं, फक्त ते तसं का केलंय हे सांगणारं कोणी उरत नाही. हा फरक मला कळायला नऊ दिवस लागले.

उतारावर बाइकचा वेग ०.८५ ने गुणणारी एक ओळ कोडमध्ये होती. शेजारी सरांची टीप: ‘हात लावू नये.’ पब्लिशरच्या नव्या हिशेबात गाड्या जलद हव्या होत्या, म्हणून माझ्या शेजारच्या पोराने ती ओळ काढली. झालं! प्रत्येक उतारावरून बाइक पतंगासारखी उडून दरीत. ओळ परत घातली तर नव्या गाड्या म्हशीसारख्या चालायच्या. का ०.८५? ०.९ का नाही? कुठे लिहिलेलं नाही. नऊ दिवस आम्ही एकेक रस्ता हाताने दुरुस्त करत बसलो.

बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता गेम, बनवणारा संगणक सरांच्या टेबलाखाली असायचा, त्याचा पासवर्ड एका चिकट कागदावर होता आणि तो कागद साफसफाईत गेला. अँड्रॉइडच्या ॲपवर सही करायची जी किल्ली असते, कीस्टोर म्हणतात ती, तिच्यासाठी तर दोन दिवस धावपळ. ती फाइल स्वतःपाशीच असेल आणि हरवली, तर तुमच्याच गेमचं पुढचं अपडेट जुन्यावर चढत नाही. आता गुगल प्लेवर ॲप-सहीची किल्ली गुगलकडे ठेवता येते आणि अपलोडची किल्ली बदलून मिळते, पण आमचं खातं जुन्या पद्धतीचं होतं. सरांनी फोनवर पासवर्ड सांगितला. ते त्यांनी सांगितलं नसतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. १९७९ मध्ये अटारी या गेम कंपनीतल्या चार प्रोग्रामरना, डेव्हिड क्रेन आणि त्यांच्या सोबत्यांना, गेमवर नावही मिळत नव्हतं आणि विक्रीतला वाटाही. ते बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी म्हणून अ‍ॅक्टिव्हिजन काढली. गंमत बघा, तीच अ‍ॅक्टिव्हिजन एकतीस वर्षांनी दुसऱ्या बाजूला उभी होती. नोव्हेंबर २००९ मध्ये तिचा ‘मॉडर्न वॉरफेअर २’ हा गेम तुफान चालला आणि मार्च २०१० मध्ये तो बनवणाऱ्या इन्फिनिटी वॉर्डच्या दोन्ही प्रमुखांना, जेसन वेस्ट आणि व्हिन्स झॅम्पेला यांना, कंपनीने काढून टाकलं. कंपनीचा आरोप करारभंगाचा, दोघांचा बुडवलेल्या पैशांचा. दोघांनी रिस्पॉन नावाचा नवा स्टुडिओ काढला, मागून जुने सहकारी डझनांनी गेले, खटला मे २०१२ मध्ये सुनावणीच्या तोंडावर मिटला. रिस्पॉनचा पुढे ‘एपेक्स लेजेंड्स’ हा गेम आला, म्हणून ही गोष्ट विजयाची वाटते.

पण मला तिच्यातला दुसराच भाग आठवतो. ‘मॉडर्न वॉरफेअर ३’ वेळेवर, नोव्हेंबर २०११ मध्येच आला, कारण स्लेजहॅमर नावाच्या दुसऱ्या स्टुडिओला मदतीला जुंपलं. त्यांचा स्वतःचा व्हिएतनाम युद्धावरचा गेम चालू होता, तो बाजूला पडला. म्हणजे भांडण एका घरात आणि चूल विझली शेजाऱ्याची. त्या गेमवर राबलेल्या ज्युनिअर पोरांविषयी कोणी लिहीत नाही.

अलीकडचं बघायचं तर तुमच्या ओळखीचं नाव आहे. बीजीएमआय या मोबाइल गेमवाली क्राफ्टन कंपनी. तिने २०२१ मध्ये ‘सबनॉटिका’ हा गेम बनवणारा अननोन वर्ल्ड्स हा स्टुडिओ ५० कोटी डॉलरला घेतला, वर कमाईची अट पूर्ण झाली तर आणखी २५ कोटी डॉलरपर्यंत. जुलै २०२५ मध्ये स्टुडिओचे तिन्ही प्रमुख हटवले गेले, ‘सबनॉटिका २’ पुढे ढकलला गेला आणि मामला अमेरिकेतल्या डेलावेअरच्या कोर्टात गेला. आकडे डोळे फिरवणारे, पण भांडणाची जात आमच्यासारखीच: तारीख कोणी ठरवायची आणि त्या तारखेवर कोणाचे पैसे टांगलेले आहेत.

तर मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणतात ना, तेव्हा सुट्ट्या विचारू नका. गेम स्वतःच्या पैशावर चाललाय की पब्लिशरच्या, मागचा माइलस्टोन मंजूर झाला का, हे विचारा. आकडा कोणी सांगणार नाही आणि तुम्हीही मागू नका. पण उत्तर देताना समोरचा खिडकीबाहेर बघतो का, ते दिसतं.

नोकरी लागल्यावर पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडा. पगाराच्या चिठ्ठीत कापलेले पैसे तिथे पोचलेत का बघा. आमच्याकडे पगार उशिरा होण्याच्या दोन महिने आधी पीएफ थांबला होता. ते बघायला कोणाला सुचलंच नाही, सगळे गाड्यांचे रंग ठरवत होतो.

सोडून गेल्यावर दोन वर्षं दुसऱ्या गेम कंपनीत जाणार नाही, अशी ओळ करारात दिसली की पोरं घाबरतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सुटल्यावर धंदा-व्यवसायापासून रोखणारी अशी अट साधारणपणे टिकत नाही. पण गुप्ततेची अट वेगळी, ती टिकते. आणि नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, कॉपीराइट कायद्याने, वेगळं काही ठरलेलं नसेल तर कंपनीच असते. सोडताना ड्राइव्हवर फायली भरून नेणारे दोन जण मी पाहिले. दोघांना वकिलाची नोटीस आली. पोर्टफोलिओत काय दाखवता येईल याची परवानगी मेलवर घ्या, आणि ती शांततेच्या दिवसांत घ्या. खुर्च्या रिकाम्या झाल्यावर सही करायला कोणी जागेवर नसतं. स्वतःचं म्हणून काहीतरी छोटं, रविवारी बनवलेलं, कायम जवळ असू द्या. कंपनीच्या लॅपटॉपवर मात्र नको.

सर गेल्यावर महिन्याभरात त्यांनी नवी कंपनी काढली आणि आमच्यातले सहा जण तिकडे गेले. मलाही निरोप होता. मी गेलो नाही. निष्ठा वगैरे काही नाही, बहिणीचं लग्न होतं आणि मला ठरल्या तारखेचा पगार हवा होता. गेलेल्यांना सुरुवातीचे तीन महिने अर्धाच पगार मिळाला, पण काम मनासारखं. मी मागे राहून सात महिन्यांत जे शिकलो, दुसऱ्याचं कोड वाचणं, न विचारता कारण शोधणं, ते मला तिकडे शिकायला मिळालं नसतं. नंतर ती पब्लिशरवाली मंडळी आली, गेम फुकट झाला, बाजारात आला आणि चार महिन्यांत उतरवला गेला. गेमच्या नामावलीत सोडून गेलेल्या चारही जणांची नावं नव्हती. माझं होतं, तेही स्पेलिंग चुकवून.

सर गेल्या वर्षी भेटले, जळगावला एका लग्नात. भरीत-पुरीच्या पंगतीत शेजारी बसलो. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलंच, सर, ते ०.८५ कशासाठी होतं? त्या एका ओळीने आमचे नऊ दिवस खाल्ले.

ते हसले. म्हणाले, ‘सगळे उतार चुकीच्या मापात बनले होते रे, सव्वापट तीव्र. पुन्हा बनवायचे तर तीन आठवडे, आणि माइलस्टोन चार दिवसांवर. म्हटलं, वेगच कमी करू.’

‘आम्हाला सांगितलं का नाही?’

त्यांनी माझ्या पानावर एक पुरी वाढली. ‘चोपडा, उतार कोणी बनवले होते?’