पुढची काच बदलताय? पेस्टिंग होईपर्यंत गाडीजवळून हलू नका

कसारा घाटात खडीचा डंपर पुढे असला की एखादा खडा उडतो, टक्क आवाज येतो, तेव्हा आपल्याला वाटतं काही नाही झालं, आणि दोन दिवसांनी सकाळी गार काचेवर गरम हवा सोडली की ती चीर पार कडेपर्यंत पळते. माझ्या तीन गाड्या नाशिक-मुंबई भाड्याने चालतात, आत्तापर्यंत सात-आठ काचा बदलून झाल्यात आणि दर वेळी कोणीतरी भेटतंच सांगायला की काच ओरिजिनल घे म्हणजे झालं. तेवढ्याने काही होत नाही. चांगली काच वाईट चिकटवली तर ती वाईटच काच आहे.

आधी बदलायची गरज आहे का ते बघा. एक रुपयाच्या नाण्याहून लहान टवका असेल, कडेपासून लांब असेल आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल तर रेझिन भरून काम होतं. तोपर्यंत त्यावर पारदर्शक टेप लावा, धूळ-पाणी आत गेलं की रेझिन नीट बसत नाही. चीर कडेला पोचली असेल तर बदलाच.

इन्शुरन्सवाल्यांना काच काढायच्या आधी कळवा, नंतर नाही. नुसती थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही. प्रायव्हेट गाडीला काचेवर घसारा कापत नाहीत पण बीडिंग (काचेच्या कडेची रबरी पट्टी), क्लिपा अशा रबर-प्लास्टिकवर निम्मा कापतात (झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नसेल तर), वर १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यापुढे २००० रुपये आपल्या खिशातून जातात, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो तो वेगळाच. बोनस ५० टक्क्यांवर असेल आणि काच स्वस्तातली असेल तर आधी कागदावर हिशोब करा.

काच घेताना कोपऱ्यातला शिक्का वाचा, आयएस २५५३ (गाडीच्या काचेचं भारतीय मानक) आणि लॅमिनेटेड असं पाहिजे. एआयएस, सेंट-गोबेन दोन्ही कंपन्यांच्या काचा मी वापरल्यात, दोन्ही चांगल्या. आरशामागे रेन सेन्सर किंवा कॅमेरा असेल तर काच त्याच व्हेरियंटची घ्या, आणि लेन ओळखून आपोआप ब्रेक लावायला मदत करणारा कॅमेरा असेल तर नंतर कॅलिब्रेशन (कॅमेरा पुन्हा अचूक जुळवणं) लागतं, ते कोण करणार हे आधीच ठरवून घ्या. फास्टॅग जुन्या काचेबरोबर जातो, सोलून काढला की फाटतो. बँकेकडे नवीन टॅग आधीच मागवा नाहीतर घोटीच्या टोलला जास्त पैसे भराल.

आता पेस्टिंग, ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

पुढची काच पीयू (पॉलियुरेथेन) नावाच्या काळ्या चिकट पेस्टने बॉडीला चिकटवलेली असते. ती नुसती पाणी अडवायला नसते. अपघातात बाजूच्या सीटची एअरबॅग उघडते तेव्हा ती याच काचेला टेकून उभी राहते, गाडी उलटली तर छताला आधारही हीच काच देते. पेस्टिंग कच्चं असेल तर एअरबॅग काचेला बाहेर ढकलते आणि माणसाला अडवायला पुढे काही उरत नाही. म्हणून मी यात कोणाचं ऐकत नाही.

मिस्त्री वायपर आणि त्याखालचं प्लास्टिक काढतो, तार घालून जुनी पेस्ट कापतो, काच निघते. इथपर्यंत ठीक. पुढे फ्रेमवर जी जुनी पेस्ट राहते ती पूर्ण खरवडायची नाही! एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवून वरचं तेवढं ब्लेडने सपाट कापायचं, कारण नवीन पीयू ताज्या कापलेल्या जुन्या पीयूवरच सगळ्यात घट्ट बसते. "एकदम पत्र्यापर्यंत साफ करून देतो साहेब" असं कोणी म्हणालं तर थांबवा त्याला.

माझ्या पहिल्या गाडीला एका गॅरेजात असंच झालं. मी चहाला गेलो आणि त्यांनी छिन्नीने फ्रेम चकचकीत करून ठेवली. मला तेव्हा ते चांगलंच काम वाटलं. पुढच्या जुलैत इगतपुरीच्या पावसात ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी मॅट ओली लागायला लागली, गाडीत कुबट वास, आणि पाणी येतं कुठून ते महिनाभर सापडेना. शेवटी काच काढली तर बीडिंगखाली रंगाला तपकिरी फोड आलेले, नख लावलं की पापुद्रा निघायचा आणि त्याच्याबरोबर पेस्टही. छिन्नीने रंग खरचटला, तिथून गंज धरला, पेस्टची पकड सुटली. काचेच्या पैशाशिवाय पत्र्याचं आणि रंगाचं काम अंगावर पडलं.

म्हणून जिथे ओरखडा दिसेल तिथे पत्र्याचा प्रायमर लावून पूर्ण सुकू द्यायला सांगा. नवीन काचेच्या कडेची काळी पट्टी पुसून तिथेही प्रायमर, आणि मग त्या पट्टीला बोट लावू देऊ नका, हाताचं तेल लागलं की पकड जाते. पीयूच्या ट्यूबवरची एक्स्पायरी स्वतः वाचा. नळीच्या तोंडाला व्ही आकाराचा काप पाहिजे म्हणजे पेस्टची त्रिकोणी उभी रेघ पडते, ती न तुटता सगळीकडून फिरायला हवी. पेस्टवर काही मिनिटांतच साय धरते, मग लगेच दोघांनी सक्शन कपने काच उचलून एकदाच नीट ठेवायची, ठेवल्यावर इकडे-तिकडे सरकवायची नाही.

सिलिकॉन नको. बाथरूमला लावायची वस्तू आहे ती, तिच्यात काच धरून ठेवायची ताकद नाही आणि तिचा अंश फ्रेमवर राहिला तर नंतर पीयूसुद्धा तिथे चिकटत नाही.

पावसाळ्यात शेडखालीच काम करून घ्या, फ्रेम कोरडी पाहिजे. पीयू हवेतल्या ओलाव्यावर पक्की होते, त्यामुळे नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत तिला जास्त वेळ लागतो. गाडी किती तासांनी हलवायची ते पेस्टच्या कंपनीनेच दिलेलं असतं, ते विचारा. मी तर रात्रभर उभीच ठेवतो, थंडीत नक्कीच.

नवीन काच जागेवर धरायला मिस्त्री लावतो ती टेप एक दिवस काढू नका, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा म्हणजे दार आपटलं की आतल्या हवेचा दाब काचेवर येत नाही, दोन दिवस प्रेशर वॉशिंग नाही.

दोन दिवसांनी साध्या पाइपने वरून पाणी सोडा, आत कोणाला तरी बसवा, आणि दोन्ही बाजूच्या मॅट उचलून खालच्या कार्पेटला हात लावून बघा. ओलसर लागलं तर त्याच दिवशी गाडी परत न्या. वरून पेस्टची रेघ मारून देतो म्हणाले तर नाही म्हणा, काच काढून पेस्टिंग पुन्हा करायला लावा, आणि या वेळी चहाला जाऊ नका.