ॲसिड सांडलं की आपण नळ सोडून सगळीकडे धावतो

आमच्या घराचा स्लॅब ओतला त्या दिवशी हौसेनं मिस्त्र्यांच्या हाताखाली उतरलो आणि तासभर ओल्या काँक्रीटवर गुडघे टेकून बसलो. पँट भिजली, पण दुखलं नाही की चुरचुरलं नाही. रात्री पँट उतरवली तेव्हा दोन्ही गुडघ्यांवरची कातडी काळपट पडली होती आणि हात लावला तर बधिर. डॉक्टर म्हणाले, भाजलंय. मी म्हणालो, अहो, मी विस्तवाजवळ फिरकलोसुद्धा नाही. पुढे दीड महिना ड्रेसिंग चालू होतं.

तेव्हापासून या विषयात जरा जास्तच नाक खुपसतो. एवढं कळलंय की रसायनानं भाजल्यावर नुकसान किती होणार हे बरंचसं पहिल्या काही मिनिटांत ठरतं, आणि तीच मिनिटं आपण हळद, टूथपेस्ट आणि लिंबू शोधण्यात घालवतो.

दुखत नाही म्हणून चालू ठेवणं

ओल्या सिमेंटचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणजे ते तीव्र अल्कली, ॲसिडच्या उलट टोकाचं. ॲसिड सांडलं तर माणूस लगेच ओरडतो, पण सिमेंट, चुना, कॉस्टिक सोडा हे अल्कली पदार्थ गुपचूप काम करतात. ॲसिड कातडीतली प्रथिनं गोठवतं, त्याची एक खपलीसारखी भिंत तयार होते आणि पुढचं ॲसिड काही प्रमाणात तिथं अडतं. अल्कलीपुढे अशी भिंत उभी राहत नाही. ते चरबी विरघळवत आत उतरत जातं. ड्रेनेज मोकळं करायची पावडर हाताला लागली की बोटं बुळबुळीत होतात ना, तो साबण असतो. तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून साबण बनतो, इथं तेल तुमच्या कातडीचं.

म्हणून सिमेंट गमबुटात गेलं तर 'संध्याकाळी धुऊ' म्हणू नका. बूट, मोजे काढा आणि तिथल्या तिथं पाय धुवा. बॅटरीचं पाणी अंगावर उडालं तरी तेच करा. सुती पँटला दोन धुण्यांनंतर भोकं पडलेली पाहून आपण हसतो, पण तेच सल्फ्युरिक ॲसिड कापडातून मांडीपर्यंत पोचलेलं असतं.

ॲसिडवर सोडा, सोड्यावर लिंबू

शाळेत शिकलेलं रसायनशास्त्र नेमकं इथं आठवतं. आम्ल आणि अल्कली मिळाले की पाणी आणि क्षार तयार होतात, हे बरोबर. पण त्या वेळी उष्णताही बाहेर पडते, आणि ती परीक्षानळीत नाही, जखमेवर पडते. शिवाय सोड्याचा डबा शोधेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात ती वेगळीच.

नळ उघडा आणि 20 मिनिटं घड्याळ लावून भाग वाहत्या पाण्याखाली धरा. सिमेंट, चुना किंवा कॉस्टिक असेल तर तासभर. हे फार वाटतं, कबूल. पाचव्या मिनिटाला आग थांबते, घरातले म्हणतात 'झालं, आता बर्नॉल लाव', आणि इथंच डाव फसतो. बादलीत हात बुडवून बसू नका, त्याच रसायनाच्या पाण्यात तो भिजत राहतो. नळाला पाणी नसेल तर पिंपातलं पाणी तांब्यानं ओता, वरून खाली, चांगल्या कातडीवरून ओघळणार नाही असं. बर्फ मात्र नको.

पाणी पडत असतानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. भिजलेला बनियन किंवा टी-शर्ट डोक्यावरून ओढू नका, कात्रीनं कापा. नाहीतर छातीवरचं ॲसिड चेहऱ्यावर येतं. मदत करणाऱ्यानं आधी हातमोजे घालावेत.

कोरड्या पावडरीवर एकदम पाणी

वरच्या नियमाला हा एक अपवाद. कळीच्या चुन्यावर थोडंसं पाणी पडलं की तो तापतो, हे बोर्डो मिश्रण (चुना-मोरचुदाचं बुरशीनाशक) करणाऱ्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना सांगायला नको. त्यातला चुना विझवताना पिंप हाताला चटका देतं. तोच चुना घामेजल्या मानेवर पडला तर आधी कोरड्या फडक्यानं किंवा ब्रशनं झटकून घ्या. मग पाणी, आणि ते भरपूर. सिमेंटची किंवा ड्रेनेजची पावडर असली तरी हाच क्रम.

द्राक्षाचा विषय निघालाच आहे तर: ऑक्टोबर छाटणीनंतर फूट यावी म्हणून वेलीच्या डोळ्यांना जे हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्यानंही हात भाजतात. ते अंगाला लागलेल्या माणसानं संध्याकाळी दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, चक्कर येते. हातमोजे न घालता पेस्ट लावणारे मजूर मी स्वतः पाहिलेत. त्यांना ही दुसरी गोष्ट कुणी सांगितलेली नसते.

'किरकोळ आहे' असं वाटणारं सगळ्यात वाईट ॲसिड

वर्कशॉपवाल्यांनी हे नीट वाचावं. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डवरचा काळपटपणा काढायला पिकलिंग पेस्ट वापरतात. तिच्यात, काही गंज काढणाऱ्या द्रावणांत आणि काचेवर नक्षी काढायच्या द्रावणात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. सौम्य द्रावण लागलं तर सुरुवातीला काहीच दिसत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, बोटात असह्य ठणका सुरू होतो आणि वर कातडी मात्र जवळजवळ धड. त्यातलं फ्लोराइड आत उतरून शरीरातलं कॅल्शियम पकडत सुटतं. जास्त भाग भाजला तर रक्तातलं कॅल्शियम इतकं खाली जातं की हृदयाचे ठोके बिघडतात. माणूस दगावू शकतो.

यावर फक्त पाणी पुरत नाही. 2.5 टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लागतं. पिकलिंग पेस्टचा डबा ज्या शेडमध्ये आहे, तिथं हे जेल नसेल तर काम सुरूच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जेल असेल तर पाच मिनिटं धुऊन लगेच चोळायला घ्या, चोळणाऱ्यानंही हातमोजे घालून. नसेल तर पाणी चालू ठेवा. दोन्ही बाबतीत हॉस्पिटल गाठा, ठणका असो वा नसो.

डोळा

तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मूल दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. महाराष्ट्रातल्या घराघरांत हा धोका खिशात फिरतो. दूध, मध, गुलाबपाणी यातलं काहीही घालू नका, डोळा चोळूही देऊ नका. मुलाला आडवं करून डोकं भाजलेल्या डोळ्याच्या बाजूला कलवा, म्हणजे पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरा, मूल कितीही रडलं तरी, आणि निदान 20 मिनिटं पाणी सोडा. चुन्याचे कण वरच्या पापणीच्या आत चिकटून बसतात, ते डॉक्टर पापणी उलटवून काढतात. म्हणून डोळा लाल दिसत नसला तरी जायचंच. रिक्षात बसल्यावरही बाटलीनं पाणी घालत राहा.

आणि लेप

हळद, तूप, शाई, टूथपेस्ट, कॉफी: डॉक्टरांना आधी हे सगळं खरवडावं लागतं, मगच जखम किती खोल आहे ते कळतं. फोड फोडू नका. धुऊन झाल्यावर स्वच्छ, लव नसलेलं सुती कापड सैल झाकलं की पुरे. चेहरा, हात, पाय, सांधे, जननेंद्रियं, किंवा तळहाताएवढा भाग असेल तर थेट हॉस्पिटल, गरज पडली तर 108. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हे डॉक्टर विचारतीलच.

जाताना बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत घ्या. अडचण अशी की संडास धुवायचं ॲसिड आपल्याकडे अजूनही पाण्याच्या जुन्या बाटलीतून, लेबलाशिवाय मिळतं. आणलंत त्याच दिवशी मार्करनं बाटलीवर नाव, तारीख आणि दुकानदाराचा नंबर लिहून टाका.