सॉसेज स्टफिंग: ब्रेड नीट वाळवा, अर्धं काम तिथेच होतं

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरमधल्या सणाला, सगळे फोटो भाजलेल्या टर्कीचे काढतात, पण टेबलावर आधी काय संपतं ते बघा. स्टफिंग संपतं, म्हणजे टर्कीसोबत खायचं ब्रेडचं सारण. टर्की दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी सँडविचमधे घालून घालून संपवावी लागते आणि स्टफिंगचा ट्रे मात्र कोपरे खरवडून साफ झालेला असतो. तर ते कसं करायचं ते सांगतो, आणि बरंचसं लक्ष ब्रेडकडेच देणारे कारण बहुतेकांचं तिथेच बिनसतं.

आधी एक गोष्ट. नाव स्टफिंग असलं तरी मी ते टर्कीच्या पोटात भरत नाही, वेगळ्या ट्रेमधे बेक करतो. (अमेरिकेच्या दक्षिणेत बरेच लोक याला ड्रेसिंगच म्हणतात.) पोटात भरलं की कच्च्या टर्कीचा रस त्यात मुरतो, त्यामुळे सारणाच्या अगदी मधोमध 165 डिग्री फॅरनहाइट म्हणजे 74 सेल्सियस व्हायलाच लागतं, आणि तिथपर्यंत उष्णता पोचेपर्यंत बाहेरचं ब्रेस्टचं मांस कापसासारखं कोरडं झालेलं असतं. शिवाय ट्रेमधे वरचा खरपूस थर मिळतो तो पोटात कधीच मिळणार नाही, आणि माझ्या मते तो थर म्हणजेच अर्धी मजा.

सामान 8 ते 10 जणांसाठी, 9 बाय 13 इंची ट्रे धरून. ब्रेड 1 पाउंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम, कच्चं पोर्क सॉसेज तेवढंच, बटर एक स्टिक म्हणजे 113 ग्रॅम, दोन मोठे कांदे, सेलरीच्या चार दांड्या, लसणाच्या चार पाकळ्या, ताजं सेज (उग्र वासाची हिरवी पानं) चिरून दोन टेबलस्पून, थाइम या दुसऱ्या सुवासिक झुडपाची पानं दोन टीस्पून, मूठभर पार्सली, दोन अंडी, आणि चिकन स्टॉक (चिकन उकळून गाळलेलं पाणी) अडीच ते तीन कप. सेज आणि थाइम वाळलेलं असेल तर एक तृतीयांश घ्या, वाळलेलं सेज फार उग्र असतं, जास्त झालं तर औषधी वास येतो.

आता ब्रेड. सगळीकडे लिहिलेलं असतं की शिळा ब्रेड घ्या, आणि लोक दोन दिवस ओट्यावर ठेवलेला ब्रेड वापरतात आणि मग लगदा होतो. शिळा ब्रेड आणि वाळलेला ब्रेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत!! शिळा होताना ब्रेडमधल्या स्टार्चची रचना बदलते म्हणून तो कडक लागतो, पण पाणी बरंचसं आतच असतं, म्हणूनच शिळा ब्रेड गरम केला की परत मऊ होतो. आपल्याला ते पाणी बाहेर काढायचंय, म्हणजे त्या जागी स्टॉक जाईल. त्यामुळे आजचा ताजा ब्रेड असला तरी काही बिघडत नाही, पाऊण इंचाचे तुकडे करा, दोन मोठ्या ट्रेमधे पसरा आणि ओव्हन 275 फॅरनहाइटला म्हणजे 135 सेल्सियसला लावून 45 ते 50 मिनिटं ठेवा, मधे दोनदा हलवा. भाजायचा नाहीये, रंग जेमतेम बदलला पाहिजे. झाला का ते कसं कळतं, तर ट्रे हलवल्यावर तुकडे खडखड वाजतात आणि एक तुकडा मधे तोडला तर आतसुद्धा मऊपणा राहिलेला नसतो. आत मऊ लागला तर अजून दहा मिनिटं. साधा पांढरा सँडविच ब्रेड चालतो पण जरा घट्ट पोताचा, कडक कवचाचा ब्रेड मिळाला तर तुकडे आकार धरून ठेवतात. फार आंबट सावरडो (नैसर्गिकरीत्या आंबवलेल्या पिठाचा ब्रेड) मला यात आवडत नाही, सेजच्या अंगावर येतो.

सॉसेज सुटं मिळालं तर उत्तम, नाहीतर वरचं आवरण चिरून काढून टाका. ब्रेकफास्ट सॉसेजमधे सेज आधीच असतं, ते थँक्सगिव्हिंगच्या चवीला बरोबर बसतं. इटालियन सॉसेज घेतलं तर बडीशेपेची चव पुढे येते, तीही छान लागते पण मग सेज थोडं कमी करा. मोठ्या जाड बुडाच्या पॅनमधे सॉसेज घाला, उलथन्याने मोडत मोडत परता पण सारखं ढवळू नका, दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या म्हणजे खालून नीट तपकिरी होतं. तुकडे छोट्या बोरांएवढे हवेत, पार भुगा केला तर खाताना सॉसेज कुठे गेलं तेच कळत नाही. कच्चा गुलाबी रंग गेला की झाऱ्याने काढून घ्या, चरबी पॅनमधेच राहू द्या.

त्याच पॅनमधे बटर, मग बारीक चिरलेला कांदा आणि सेलरी. सेलरी पूर्ण मऊ होईपर्यंत, दहा-बारा मिनिटं तरी, घाई करू नका कारण अर्धी कच्ची राहिलेली सेलरी बेक होऊनही दाताखाली कचकच करते. लसूण आणि सेज-थाइम शेवटच्या एका मिनिटात. आता पॅनच्या बुडाला जे तपकिरी चिकटलंय ना, ते घासून टाकायचं नाही, अर्धा कप स्टॉक ओतून उलथन्याने खरवडायचं, सगळी चव तिथे बसलेली असते, ती सुटून येते.

मोठ्या पातेल्यात ब्रेड, सॉसेज, पॅनमधलं सगळं, पार्सली एकत्र करा. आणि इथे थांबून चव बघा, अंडी घालायच्या आधी. नंतर कच्चं अंडं असतं, मग चाखता येत नाही. पहिल्या वर्षी मी मीठवाला पॅकेटचा स्टॉक वापरला, सॉसेज आधीच खारट, त्यावर सवयीने चमचाभर मीठ टाकलं आणि चाखलं नाही. पाहुणे सभ्य होते, नुसतं पाणी पीत राहिले. तेव्हापासून स्टॉक बिनमिठाचा आणि मीठ सगळ्यात शेवटी.

दीड कप गार किंवा कोमट स्टॉकमधे दोन अंडी फेटा (उकळता स्टॉक घेतला तर अंडी तिथेच शिजून गाठी होतात) आणि ते ब्रेडवर ओतून हाताने वरखाली करा. पाच मिनिटं थांबा. मुरू द्या. मग मुठीत थोडं घेऊन हलकं दाबा. तुकडे एकमेकांना चिकटून राहिले पण बोटांमधून पाणी ओघळलं नाही तर झालं. दाबल्यावर मधे कोरडा टणक तुकडा लागला तर अजून पाव कप, परत थांबा, परत दाबा. पूर्ण तीन कप लागतीलच असं नाही, ब्रेडवर आहे.

बटर लावलेल्या ट्रेमधे भरा, पण चेपू नका, वरचा भाग ओबडधोबडच राहू द्या, ती टोकंच कुरकुरीत होतात. फॉइल लावून 350 फॅरनहाइटला (175 सेल्सियस) 30 मिनिटं, मग फॉइल काढून अजून 25-30 मिनिटं. मधोमध थर्मामीटर खुपसून 165 आलं की बाहेर. दहा मिनिटं ट्रेमधेच राहू द्या, लगेच वाढलं तर सांडतं. टर्की भाजून झाली असेल तर तिच्या ट्रेमधला रस दोन-तीन चमचे वरून शिंपडा, पोटात न भरल्याची कसर भरून निघते.

आदल्या दिवशी काय करून ठेवता येतं? ब्रेड वाळवून डब्यात बाहेरच, सॉसेज आणि कांदा-सेलरी शिजवून फ्रिजमधे. पण एकत्र मात्र बेक करायच्या वेळीच करा, अंडी-स्टॉक घातलेलं कच्चं मिश्रण रात्रभर ठेवू नका, त्यात जंतू वाढायला वाव मिळतो आणि ब्रेडचा लगदा होतो तो वेगळाच.

फेरफार करायचेच असतील तर एक आंबटसर हिरवं सफरचंद कांद्याबरोबर परता, किंवा मूठभर वाळलेल्या क्रॅनबेरी, किंवा भाजलेले चेस्टनट. यातलं एकच घाला, तिन्ही घातलीत तर सॉसेज बिचारं हरवतं.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमधे, तीन-चार दिवसांत संपवा, गरम करताना परत 165 पर्यंत न्या. मायक्रोवेव्ह नको, पॅनमधे थोड्या बटरवर थापून दोन्हीकडून लाल करा आणि वर एक हाफ फ्राय अंडं. यासाठी मी हल्ली मुद्दाम एक छोटा ट्रे जास्तीचा करतो आणि पाहुणे यायच्या आधी फ्रिजमधे मागे, दुधाच्या कॅनच्या आड लपवून ठेवतो.