नागपुरातून रिमोट नोकरी: ऑफर लेटरमधलं गाव आधी वाचा

घरून काम करण्याचा फायदा बहुतेक जण पेट्रोलमध्ये मोजतात. मानकापूरकडून मिहानला, म्हणजे विमानतळाजवळच्या आयटी कंपन्यांच्या भागात, जाऊन-येऊन रोजचे 40 किलोमीटर धरले, तरी दुचाकीचं पेट्रोल महिन्याला दोन-अडीच हजारांतच बसतं. मोठी बचत वेळेची आहे: रोजचा दीड तास, म्हणजे 22 दिवसांचे 33 तास. शिवाय मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना तोंडाला दुपट्टा बांधून वर्धा रोडने जावं लागत नाही, ते वेगळंच.

त्याहून मोठा फायदा पुण्याला बिऱ्हाड न हलवण्यात आहे. तिथलं शेअरिंगमधलं भाडं, डबा आणि सणावाराची घरची फेरी धरली, की महिन्याला वीस हजार सहज जातात. म्हणून नागपुरात राहता म्हणून कंपनी पगार दहा हजारांनी कमी देत असेल, तरी लगेच नाक मुरडू नका, आधी हिशेब मांडा.

पण हा सगळा हिशेब एका ओळीवर उभा आहे, आणि नवखे नेमकी तीच ओळ वाचत नाहीत. रिक्रूटर फोनवर ‘फुल रिमोट’ म्हणतो. ऑफर लेटरमध्ये मात्र बेस लोकेशन, म्हणजे कागदोपत्री कामाचं ठिकाण, ‘पुणे’ असतं. खाली कुठेतरी लिहिलेलं असतं, की घरून काम करण्याची सवलत कंपनीच्या धोरणानुसार आहे आणि धोरण वेळोवेळी बदलू शकतं. याचा अर्थ सरळ आहे: तुम्ही पुण्याचे कर्मचारी आहात, सध्या नागपुरात बसला आहात. उद्या एका मेलवर ‘पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस ऑफिस’ असं आलं, तर फोनवरच्या शब्दाला काही किंमत नाही. पुणे-अजनी (नागपूर) वंदे भारतलाही बारा तास लागतात, तीन दिवसांसाठी ये-जा होत नाही. आणि नोटीस पिरियड 90 दिवसांचा असेल, तर नोकरी सोडायची ठरवूनही मधले दोन महिने पुण्यात भाड्याची खोली घेऊन काढावे लागतात, नाहीतर बायआउटचे, म्हणजे नोटीसच्या उरलेल्या दिवसांचे पैसे कंपनीला भरावे लागतात. माणूस इथेच अडकतो.

उपाय ऑफर स्वीकारण्याआधीच करायचा. एचआरला मेल टाका, फोन नको. त्यात चार गोष्टी विचारा: बेस लोकेशन ‘नागपूर (रिमोट)’ असं लेटरमध्ये लिहून मिळेल का? ऑफिसला बोलवायचं झालं तर किमान किती दिवस आधी कळवणार? अधूनमधून बोलावलं तर प्रवास-मुक्कामाचा खर्च कोणाचा? बदलीचं कलम रिमोट कर्मचाऱ्यांना लागू आहे का? लेटर बदलून मिळालं नाही, तर मेलवरचं उत्तर तरी घ्या आणि त्याची पीडीएफ स्वतःच्या मेलवर ठेवा. ऑफिसचा मेल बंद झाला, की त्यातला पुरावाही गेला.

विचारल्यामुळे ऑफर जाईल ही भीती सोडून द्या. एचआरला हे प्रश्न रोजचे आहेत.

आता घरची तयारी. इन्व्हर्टर असतो, पण अनेक घरांत त्याची लाइन फक्त पंखे-दिव्यांना दिलेली असते आणि फायबरच्या डब्याचा सॉकेट बाहेरच राहतो. लाइट गेली की पंखा फिरतो, कॉल कटतो. इलेक्ट्रिशियनकडून तो एक पॉइंट जोडून घ्या. डबा आणि राउटर वेगळे असतील, तर दोन्ही. 150 एएचच्या चांगल्या बॅटरीतून साधारण 1,200 वॉट-तास हाती येतात. लॅपटॉप, राउटर आणि एक पंखा मिळून 150 वॉट धरले, तर आठ तास. त्यावर कूलर टाकला की साडेतीन तासांच्या आत खेळ आटोपतो. उन्हाळ्यात बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर महिन्याला बघा. हॉटस्पॉटचं सिम फायबरपेक्षा वेगळ्या कंपनीचं घ्या.

कूलरचा आवाज कॉलमध्ये समोरच्याला पंख्याहून मोठा ऐकू जातो. लॅपटॉपचा माइक वापरू नका, तोंडाजवळ माइक असलेला वायरचा हेडसेट घ्या. टेबल कूलरच्या झोतात ठेवू नका. ती ओली हवा लॅपटॉपला चांगली नाही.

कॉलेजमधून नुकतेच बाहेर पडलेल्यांना एक आग्रहाचं सांगणं: मिहानमध्ये किंवा आयटी पार्कात ऑफिसची नोकरी मिळत असेल, तर पहिलं वर्ष तिथेच काढा. शेजारी बसलेला सीनियर पाच मिनिटांत जे दाखवतो, ते चॅटवर विचारायला नवा माणूस दिवसभर कचरतो. ‘हमखास रिमोट जॉब’चा कोर्स विकणाऱ्या मेंटॉरकडून हे मिळत नाही. नोंदणी फी किंवा लॅपटॉपची अनामत मागणाऱ्याचा नंबर सरळ ब्लॉक करा.

आणि हातातल्या नोकरीचा राजीनामा एचआरचं लेखी उत्तर आल्यावरच टाका, तोवर रिक्रूटर कितीही घाई करो.