हाती आलेल्या चपट्या कृमीचे वर्गीकरण कसे करावे

बकऱ्याच्या यकृतात, म्हशीच्या कोठीपोटात किंवा रोहू माशाच्या कल्ल्यांवर चपटा कृमी सापडला, तर त्याला नाव देण्याआधी तो कोणत्या प्राण्याच्या कोणत्या अवयवात मिळाला, हे वहीत लिहावे. बाटलीत गेलेला नमुना पुढे कितीही वेळा तपासता येतो. ही माहिती मात्र एकदा राहून गेली की परत मिळत नाही, आणि वर्गीकरणाचा निम्मा आधार तीच असते.

हातमोजे घालूनच काम करावे, कारण काही पट्टकृमींची (फितीसारख्या लांब कृमींची) अंडी माणसालाही बाधतात. जिवंत कृमी थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर तो आक्रसतो आणि ओळखण्याजोगा राहत नाही. म्हणून तो मिठाच्या सौम्य द्रावणात धुवावा, थंड पाण्यात शिथिल होऊ द्यावा, दोन काचपट्ट्यांमध्ये अलगद दाबावा आणि मगच सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. लांबी-रुंदी दाबण्यापूर्वीच मोजावी. आतील अवयव दिसण्यासाठी महाविद्यालयांत बोरॅक्स कार्माइन हा रंग वापरतात.

आता तो खरोखर चपट्या कृमींच्या संघातला आहे का, हे पाहावे. गोलकृमी आडव्या छेदात गोल असतो, तर जळूला चूषक (चिकटण्याचे वाटीसारखे अवयव) असले तरी तिच्या अंगावर वलये असतात. चपट्या कृमीच्या शरीरात देहगुहा, म्हणजे आतडे आणि शरीरभिंत यांमधली पोकळी, नसते. या संघातील परजीवी गटांना 1985 मध्ये एलर्स यांनी निओडर्माटा या नावाखाली एकत्र आणले, कारण या सर्वांत अळीची केसल (सूक्ष्म केसांसारख्या तंतूंची) त्वचा गळून पडते आणि तिच्या जागी नवे आवरण येते. जुन्या पुस्तकांत मोनोजेनिया हा बहुधा माशांवर राहणारा गट पर्णकृमींचाच (पानासारख्या कृमींचाच) एक गण मानलेला आढळतो. आज तो स्वतंत्र वर्ग मानतात आणि विद्यार्थ्यांनी हीच मांडणी स्वीकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्ग ठरवताना दोन प्रश्न विचारावेत: कृमी चिकटतो कशाने आणि त्याला आतडे आहे का? मागच्या टोकाला आकड्यांची चकती असेल आणि कृमी माशाच्या कल्ल्यांवर किंवा त्वचेवर असेल, तर तो बहुधा मोनोजेनिया असतो. आतडे मुळीच नसेल, शरीर खंडांच्या पट्टीसारखे असेल आणि एका टोकाला चूषक किंवा खाचा असलेले डोके असेल, तर तो पट्टकृमी होय. तोंड, दुभंगलेले आतडे आणि स्नायुमय चूषक असलेला पानासारखा कृमी पर्णकृमींच्या म्हणजे ट्रेमॅटोडा वर्गात जातो.

पर्णकृमींपाशी मात्र सावकाश जावे, कारण येथेच सर्वाधिक चुका होतात. पूर्वी चूषकांच्या जागेवरून त्यांचे गट पाडत. पोटाकडच्या चूषकाला दुसरे तोंड समजल्यामुळे ‘डिस्टोमा’, म्हणजे दोन तोंडांचा, हे नाव रूढ झाले होते. वर्णनासाठी असे शब्द अजूनही उपयोगी पडतात. परंतु चूषकांची ठेवण सारखी असली म्हणून नाते जवळचे ठरत नाही. म्हणूनच 1957 मध्ये ला रू यांनी अळीच्या उत्सर्जक पिशवीच्या रचनेला महत्त्व दिले, आणि 2003 मध्ये ओल्सन व सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे पर्णकृमींच्या डायजेनिया या उपवर्गाचे डिप्लोस्टोमिडा आणि प्लॅजिऑर्किडा असे दोन गण मांडले.

यकृतातील पर्णकृमीची जाती ठरवताना खांदे पाहावेत. फॅसिओला हेपॅटिका सुमारे 20 ते 30 मिलिमीटर लांब, ठळक खांद्यांचा आणि मागे निमुळता होत जाणारा असतो. फॅसिओला जायगँटिका 75 मिलिमीटरपर्यंत वाढतो, त्याच्या कडा जवळजवळ समांतर असतात, आणि आपल्याकडील म्हशींत प्रामुख्याने हाच आढळतो. आशियात या दोहोंच्या मधली रूपेही सापडतात, म्हणून एकाच नमुन्यावर निर्णय देऊ नये.

रक्तवाहिनीत राहणारा शिस्टोसोमा पर्णकृमीच आहे, पण तो पानासारखा दिसत नाही: नर-मादी वेगळे असतात आणि नर मादीला आपल्या खाचेत धरून ठेवतो. इतर पर्णकृमींच्या अंड्यांना सहसा झाकण असते, याच्या अंड्यांना नसते, आणि जातीनुसार त्यांवर काटा असू शकतो. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे माणसांतील मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाची नोंद गाडगीळ आणि शहा यांनी 1952 मध्ये केली. तेथील मध्यस्थ पोषक (ज्याच्या शरीरात अळी वाढते तो प्राणी) म्हणून फेरिसिया टेनुइस ही छोटी पाणगोगलगाय पुढे आली. अंडे, गोगलगाय आणि गाव या तिन्ही नोंदी एकत्र असल्यामुळेच ते प्रकरण अभ्यासता आले.

पट्टकृमीचे डोके पुष्कळदा आतड्यातच राहते. टीनिया या प्रजातीत (जीनसमध्ये) अशा वेळी अंड्यांनी भरलेल्या खंडातील गर्भाशयाच्या एका बाजूच्या शाखा मोजाव्यात: टीनिया सोलियममध्ये त्या साधारण 7 ते 13 असतात, तर सॅजिनाटामध्ये बहुधा 15 किंवा अधिक.

शेवटी चिठ्ठीवर पोषक प्राणी, अवयव, ठिकाण, तारीख आणि खात्रीचे नाव एवढेच लिहावे. कोठीपोटातील गुलाबी, जाड पॅराम्फिस्टोमिड कृमींच्या अनेक प्रजाती चूषक आणि घशाचे सूक्ष्म छेद घेतल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. तेथे कुलाचे नाव लिहून ‘प्रजाती अनिश्चित’ अशी नोंद करावी.