एक्सपी टाकली आणि नेट गेलं: डायल-अप पुन्हा कसं चालू करायचं

विंडोज ९८ वर बिनतक्रार चालणारा, फोनलाइनवरून नेट जोडणारा मोडेम विंडोज एक्सपी टाकल्याबरोबर मुका झाला, की घरचे आधी टेलिफोन खात्याच्या नावाने खडे फोडतात. मग शेजारचा कोणी जाणकार येतो आणि ‘फॉरमॅट मारा’ म्हणतो. दोघांचंही ऐकू नका. फोन उचलल्यावर डायल टोन येतोय ना? मग लाइन ठीक आहे. आणि जो ड्रायव्हर (मोडेम चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सपीच्या सीडीवरच नाही, तो कितीही वेळा फॉरमॅट मारलंत तरी येणार नाही.

अपग्रेड अजून व्हायचं असेल तर नशीबवान आहात. एक्सपीची सीडी टाकल्यावर जो मेनू येतो त्यात सिस्टिम कंपॅटिबिलिटी तपासायचा पर्याय असतो, तो आधी चालवा. मोडेमचं नाव न चालणाऱ्या सामानाच्या यादीत आलं तर एक्सपीचा ड्रायव्हर आत्ताच, ९८ वर असतानाच उतरवून घ्या. नंतर नेटच नसेल आणि तोच ड्रायव्हर आणायला सायबर कॅफेत फ्लॉपी घेऊन जावं लागेल. नेट कंपनीच्या सीडीतून टाकलेलं डायलर सॉफ्टवेअरही काढून टाका. एक्सपीला त्याची काडीचीही गरज नाही.

आता मुख्य भानगड. मीही सगळ्यात जास्त इथेच रखडलो होतो.

घरोघरी जी आतली, पीसीआय स्लॉटमधली स्वस्त मोडेम कार्डं असायची, त्यांतली बहुतेक अर्धीच. आवाजाचे डेटा आणि डेटाचे आवाज करायचं काम कार्ड करत नाही, ड्रायव्हर तुमच्या प्रोसेसरकडून करून घेतो. याला सॉफ्ट मोडेम किंवा विनमोडेम म्हणतात. म्हणजे इथे ड्रायव्हर हाच निम्मा मोडेम. एक्सपीचं पोट विंडोज एनटी या वेगळ्या घराण्याचं, ९८ चं वेगळं, त्यामुळे ९८ साठी लिहिलेला जुना ड्रायव्हर इथे चालत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (कॉम्प्युटरमधल्या सामानाच्या यादीत) पिवळं प्रश्नचिन्ह आणि शेजारी ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ असं भारदस्त नाव दिसलं, तर तो तुमचा मोडेमच. ड्रायव्हरविना अनोळखी होऊन बसलाय, इतकंच.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: ‘स्टँडर्ड ५६००० मोडेम निवडून टाका, चालतं.’ नाही चालत. हा पर्याय खऱ्या, स्वतःचं डोकं असलेल्या मोडेमसाठी आहे. सॉफ्ट मोडेमवर तो टाकलात तर यादीत मोडेम दिसेल, पोर्ट दिसेल, आणि डायल केलं की काहीच होणार नाही. शिवाय प्रश्नचिन्ह तसंच राहील.

करायचं काय, तर आधी चिप ओळखा. खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला काय किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काय, एकाच चिपची कार्डं निरनिराळ्या नावांच्या खोक्यांत मिळायची. स्टार्ट, ऑल प्रोग्रॅम्स, ॲक्सेसरीज, सिस्टिम टूल्स, तिथे सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. ‘कंपोनंट्स’खाली ‘प्रॉब्लेम डिव्हायसेस’ आहे. तिथल्या लांबलचक ओळीत ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे चार खुणा असतात, त्या चिप बनवणाऱ्याच्या. ११सी१ म्हणजे ल्यूसंट (पुढे तिचं एजिअर झालं), १४एफ१ म्हणजे कोनेक्संट, १३४डी म्हणजे पीसीटेल, १०५७ म्हणजे मोटोरोला. त्यापुढे ‘डीईव्ही’नंतरच्या चार खुणाही लिहून घ्या, कारण नुसती कंपनी कळून भागत नाही. कोनेक्संटचेच एचसीएफ आणि एचएसएफ असे दोन प्रकार आहेत आणि एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला लागत नाही.

ड्रायव्हर शोधताना एक्सपीचा नाही मिळाला तर विंडोज २००० चा घ्या, बऱ्याचदा चालून जातो. कार्डासोबतची सीडी फेकली नसेल तर आधी तिच्यात ‘एक्सपी’ किंवा ‘२०००’ नावाचा फोल्डर आहे का बघा. सीडीचा सेटअप मात्र चालवू नका, तो कित्येकदा ९८ चंच सामान टाकतो. डिव्हाइस मॅनेजरमधून ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘हॅव डिस्क’, आणि त्या फोल्डरमधली आयएनएफ फाइल दाखवा. ड्रायव्हर विंडोज लोगो चाचणीत उतरलेला नाही, अशी धमकी येईल. चिपच्या खुणा जुळत असतील तर ‘कंटिन्यू एनीवे’ म्हणा. रिस्टार्ट करा. मग कंट्रोल पॅनेलमधल्या ‘फोन अँड मोडेम ऑप्शन्स’मध्ये मोडेमच्या ‘डायग्नोस्टिक्स’ला जाऊन ‘क्वेरी मोडेम’ दाबा. उत्तरांची यादी आली की मोडेम जिवंत आहे. तोवर डायल करण्यात अर्थ नाही.

ड्रायव्हर कुठेच मिळत नसेल तर सिरियल पोर्टला लागणारा बाहेरचा मोडेम घ्या. महाग पडतो, पण त्याचं काम तो स्वतः करतो. यूएसबीचा घेताना विचारून घ्या, त्यातही अर्धवट मोडेम असतात.

जुन्या कनेक्शनचा आयकॉन तपासा. तो अजून जुन्याच मोडेमकडे बोट दाखवत असतो. प्रॉपर्टीजमध्ये नवा निवडा. पासवर्डही नव्याने टाका.

आता मोडेमचा स्पीकर मोठा करा, डायल करा आणि कान द्या. डायल टोन ऐकू येतोय, तरी एरर ६८० म्हणजे ‘डायल टोन नाही’ अशी तक्रार येते? मोडेम परदेशी टोनची वाट बघतोय. ‘डायलिंग रूल्स’मध्ये देश अमेरिका राहिलाय का बघा, भारत करा. तरीही अडला तर ‘वेट फॉर डायल टोन’वरची खूण काढा, किंवा जादा इनिशियलायझेशन कमांडमध्ये एक्स३ लिहा. ऑफिसच्या एक्स्चेंजमागे असाल तर बाहेरच्या लाइनचा आकडा आणि पुढे स्वल्पविराम द्या, म्हणजे मोडेम जरा थांबेल. नेट कंपनीच्या १७२ ने सुरू होणाऱ्या डायल-अप नंबरापुढे विंडोज शून्य आणि एसटीडी कोड चिकटवत असेल तर ‘यूज डायलिंग रूल्स’ बंद करा. ६७८ म्हणजे पलीकडे कोणी उचललं नाही. शिट्ट्या होऊन मग ६९१ आला तर पासवर्ड चुकलाय, कॅप्स लॉक बघा.

जोडलं गेलं की लगेच मेल उघडायला धावू नका. एक्सपीची स्वतःची फायरवॉल सर्व्हिस पॅक २ (मायक्रोसॉफ्टने दिलेला सुधारणांचा संच) येईपर्यंत बंदच असायची. ऑगस्ट २००३ मध्ये नेटवरून आपोआप पसरणारा ब्लास्टर वर्म आला तेव्हा ९८ वाले सुटले आणि एक्सपीवाले सापडले. नेट जोडावं, साठ सेकंदांची उलटी मोजणी दिसावी, मशीन रिस्टार्ट व्हावं, आणि लोकांनी पुन्हा मोडेमला दोष द्यावा. कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ला जाऊन फायरवॉलची खूण डायल करण्याआधीच करा. मोजणी सुरू झालीच तर स्टार्टमधल्या ‘रन’मध्ये ‘शटडाउन’ हा शब्द इंग्रजीत, मग एक जागा सोडून वजा चिन्ह आणि त्याला चिकटून ए, असं टाइप करून एंटर मारा. मोजणी थांबते, आणि मायक्रोसॉफ्टचा पॅच उतरवायला वेळ मिळतो.